पोळ्याचा राजा, कायद्यात मालमत्ता!

पोळ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडे बैलाचे खांदे तूप-हळदीनं शेकतात, त्याला जेवणाचं आवतन देतात. दुसऱ्या दिवशी तोरणाखाली झडत्या, घरी पुरणपोळी. तान्ह्या पोळ्याला तर तुम्हीही लाकडी नंदी ओढत गल्लीभर फिरला असाल. पण या राजाला कायदा काय समजतो, माहितेय? मालमत्ता!

भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ नुसार जनावराला मारलं, विष घातलं किंवा अपंग केलं तर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मात्र हे कलम येतं मालमत्तेविरुद्धच्या गुन्ह्यांत. म्हणजे नुकसान मोजलं जातं ते मालकाचं. बोर अभयारण्यातला वाघसुद्धा मेलेला सापडला, की सरकारची मालमत्ता ठरतो. याउलट कंपनी किंवा देवळातला देव कायद्यानं 'व्यक्ती' आहे. त्यांच्या नावावर जमीन असते, ते कोर्टात दावा लावू शकतात. जिवंत बैल मात्र नाही.

मग मालकच क्रूर वागला तर? त्यासाठी १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड किती? १० ते ५० रुपये! एवढ्यात दोन प्लेट तर्री-पोहे येणंही मुश्कील.

शंकरपटाचा वाद इथंच येतो. २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टानं जल्लीकट्टूसोबत बैलांच्या शर्यतींवर बंदी आणली. जनावरालाही सन्मानानं जगण्याचा हक्क आहे, असं तेव्हा कोर्ट म्हणालं. महाराष्ट्रानं २०१७ मध्ये कायदा बदलला, डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं तो बदल वैध ठरवला. प्राण्यांना मूलभूत हक्क असल्याचा दाखला आपल्याकडे नाही, असंही पीठानं सांगितलं.

म्हणजे हक्क माणसाचे. जनावराच्या वाट्याला आपलं कर्तव्य. राज्यघटनेच्या कलम ५१-क मध्ये प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी बाळगणं हे तुमचं-आमचं कर्तव्य म्हणून लिहिलंय.

शंकरपट बंदच करा, असं नाही. बैलावर पोरासारखी माया करणारे शेतकरी तुम्हीही पाहिलेत. पण माया नसेल तिथं कायदा हवा, आणि ५० रुपयांचा कायदा कुणाला भीती घालणार? पुढच्या पटात कुणी तुतारी टोचताना दिसला, तर रील बनवून थांबू नका. तोच व्हिडिओ घेऊन पोलीस ठाण्यात जा. बैल काही तक्रार लिहून देऊ शकत नाही.