खानदेश: नांव आणि सीमा

महाराष्ट्राच्या आजच्या नकाशावर ‘खानदेश’ या नांवाचा जिल्हा सांपडत नाहीं. जळगांव, धुळें व नंदुरबार असे तीन जिल्हे तेवढे दिसतात. तरीहि तेथील माणूस पुण्यामुंबईस गेला म्हणजे आपला मुलुख खानदेश असाच सांगतो. सरकारी दप्तरांतून गेलेलें नांव लोकांच्या तोंडीं कसें टिकलें, हें पाहण्यासारखें आहे.

यादवांच्या काळीं गोदावरीच्या उत्तरेकडील मुलुखास राजा सेउणचंद्र याच्यावरून ‘सेउणदेश’ म्हणत. पुढें इ. स. १३७० च्या सुमारास दिल्लीच्या फिरोजशहा तुघलखानें तापीकांठचें थाळनेर मलिक राजा फारुकी यास जहागीर दिलें. त्याचा मुलगा नसीर यानें असीरगड घेतला व बऱ्हाणपूर वसविलें. नसीर यास गुजराथच्या सुलतानानें ‘खान’ हा किताब दिला. त्या खानाचा देश तो खानदेश, अशी एक उपपत्ति आहे. दुसऱ्या मताप्रमाणें मूळ शब्द ‘कान्हदेश’ असून तो श्रीकृष्णावरून किंवा यादवांच्या कृष्ण राजावरून आला. मूळ कोणतेंहि असो, फारुकींच्या दोनशें वर्षांच्या राज्यांत ‘खानदेश’ हेंच नांव रूढ झालें.

इ. स. १६०१ त असीरगड अकबराच्या हातीं पडला आणि शहाजादा दानियाल याच्या नांवावरून प्रांतास ‘दानदेश’ म्हणण्याचें ठरलें. अबुल फजलनें ‘ऐने अकबरी’त तशी नोंद केली आहे. दानियाल इ. स. १६०५ त वारला. नवें नांवहि लोकांत रुजलें नाहीं. युरोपांत लोथार राजावरून पडलेलें ‘लोरेन’ हें नांव त्याचें घराणें बुडाल्यावरहि हजार वर्षें चाललें. राजाज्ञेनें नांव पडतें. परंतु टिकतें तें लोकांनीं उचललें तरच.

सीमांची कथा याहून गुंतागुंतीची आहे. उत्तरेस सातपुडा, पश्चिमेस सह्याद्रि, दक्षिणेस सातमाळा व अजिंठ्याचे डोंगर, आणि मधून पश्चिमेकडे वाहणारी तापी, ही या प्रदेशाची नैसर्गिक चौकट. पूर्वेस मात्र वऱ्हाड व निमाड यांच्याकडे दार मोकळें आहे. त्यामुळें तिकडची रेघ डोंगरानें नव्हे, तर राज्यकर्त्यांनीं ठरविली. आणि ज्या बऱ्हाणपुराहून फारुकींनीं खानदेशावर राज्य केलें तें नगर आज मध्य प्रदेशांत आहे.

जेथें डोंगर आहेत तेथेंहि कागदावरच्या रेघा त्यांस जुमानीत नाहींत. इ. स. १८१८ त इंग्रजांचा अंमल बसल्यावर खानदेशचा एकच जिल्हा झाला व त्याचें ठाणें धुळ्यास आलें. इ. स. १८६९ त नाशिक जिल्हा निराळा करितांना नांदगांव, मालेगांव व बागलाण हे गिरणेच्या खोऱ्यांतील तालुके खानदेशांतून काढून त्यास जोडले. इ. स. १९०६ त उरलेल्या जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले. जळगांव व धुळें हीं त्यांचीं मुख्य ठिकाणें. इ. स. १९६० त महाराष्ट्र राज्य झाल्यावर या जिल्ह्यांस जळगांव व धुळें हीं नांवें मिळालीं आणि ‘खानदेश’ दप्तरांतून गेला. इ. स. १९९८ त धुळ्यांतून नंदुरबार वेगळें झालें.

या घडामोडींत बोलीनें मात्र आपली जुनी वहिवाट सोडली नाहीं. मालेगांव व बागलाण नाशिकांत गेले, तरी तेथील खेड्यापाड्यांतून अहिराणी आजहि ऐकूं येते. ग्रियर्सननें आपल्या भाषा-पाहणींत तिची नोंद ‘खानदेशी’ याच नांवानें केली. अर्थात् अहिराणी म्हणजे सगळा खानदेश नव्हे. रावेर-यावलकडे लेवा बोली आहे, सातपुड्यांत भिली व पावरी आहेत. या सर्व बोली बोलणारे लोक आपल्या मुलुखास एकाच नांवानें ओळखतात. म्हणून खानदेश कोठें संपतो हें जाणूं इच्छिणाऱ्यानें जिल्ह्यांच्या नकाशाबरोबर तापी-गिरणेचें खोरेंहि पाहावें. आणि त्या खोऱ्यांतील घरांतून कोणती बोली चालते, हेंहि ऐकावें.