'नायक'ची पटकथा कोणाची?

चित्रपटाचा स्वामी निर्माता, म्हणून पटकथेचाही तोच, हा समज सार्वत्रिक आहे. सत्यजित राय यांच्या 'नायक' (१९६६) या चित्रपटाच्या पटकथेवरून कादंबरी निघाली, तेव्हा निर्मात्याच्या कुटुंबीयांनी तीस हरकत घेतली. २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती अमान्य केली. १९५७ च्या कायद्यान्वये पटकथा ही चित्रपटाहून स्वतंत्र अशी साहित्यकृती ठरते. आणि राय निर्मात्याच्या नोकरीत नसल्यामुळे तिचे प्रथम स्वामी तेच होत. हा हक्क दुसऱ्यास द्यावयाचा तर कलम १९ प्रमाणे स्वाक्षरीचा लेख हवा. त्यात मुदत नमूद नसल्यास ती ५ वर्षांचीच समजली जाते. पटकथेस साहित्य म्हणावे की नाही, हा वाद टीकाकार खुशाल घालोत. लेखकाने मात्र आपला करारलेख जपून ठेवावा.