भरवसा आणि रोजचे काम : केडगाव ते साकुरामोतो

'असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी' ही म्हण आपण आळशी माणसाला टोमणा मारण्यासाठी वापरतो. देवावर सर्व भार टाकून जगणाऱ्या माणसाकडे बाहेरचे लोक बहुधा याच नजरेने पाहतात. ख्रिस्ती धर्मात 'विश्वास' या शब्दाला जे महत्त्व आहे त्याबद्दलही असाच गैरसमज आढळतो. आपल्या मंडळातील ख्रिस्ती कुटुंबांना यात काही नवे वाटणार नाही. पण इतर वाचकांसाठी सांगायला हवे की हा विश्वास म्हणजे देव आहे हे नुसते मान्य करणे नव्हे. घर, पैसा, वेळ आणि शेजारी यांची व्यवस्था त्या भरवशावर लावून दाखवणे म्हणजे विश्वास. आता हे प्रत्यक्षात कसे दिसते? एक उदाहरण आपल्या महाराष्ट्रातले, सर्वांच्या परिचयाचे आहे. दुसरे आपण राहतो त्या कावासाकीतलेच, पण बहुतेकांना ठाऊक नसलेले.

पंडिता रमाबाईंचा जन्म 1858 चा. आईवडील दुष्काळाच्या दिवसांत गेले. 1880 मध्ये लग्न, दोन वर्षांत वैधव्य, पदरी लहान मुलगी. 1883 मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि तेथेच त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे अमेरिकेत व्याख्याने देऊन त्यांनी विधवांच्या शाळेसाठी आधार उभा केला. बोस्टन येथे स्थापन झालेल्या असोसिएशनने दहा वर्षांपुरती मदत कबूल केली आणि 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झाले. सदनातील मुली ख्रिस्ती होऊ लागल्याचा गवगवा 1893 मध्ये झाला तेव्हा रानडे आणि भांडारकर यांनी सल्लागार मंडळातून अंग काढून घेतले. तो वाद अजूनही शमलेला नाही आणि या लेखात तो मिटवण्याचा माझा विचार नाही. मुद्दा वेगळा आहे. दहा वर्षांची मुदत संपत आली होती. पुढे काय?

याच सुमारास रमाबाईंनी जॉर्ज म्यूलर यांचे चरित्र वाचले. ब्रिस्टलमध्ये अनाथालये चालवणाऱ्या या गृहस्थांनी कोणाही माणसाकडे पैसे मागायचे नाहीत, फक्त देवाकडे मागायचे, असा नेम आयुष्यभर पाळला होता. आपल्यालाही असे जमेल का, असा प्रश्न रमाबाईंना पडला. उत्तर मिळायला फार दिवस लागले नाहीत. 1896 च्या अखेरीस मध्य प्रांतात दुष्काळ पडला. आधीच्या संस्थेच्या खर्चाचीच चिंता असताना त्या तिकडे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली घेऊन आल्या. प्लेगच्या धामधुमीत पुण्यात त्यांना ठेवणे शक्य नव्हते. केडगावची जमीन मात्र आधीच घेतलेली होती, फळबागेचे उत्पन्न संस्थेला मिळावे या हिशेबाने. तेथे मुली आल्या आणि 'मुक्ती' उभी राहिली. 1900 च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तर ही वस्ती एखाद्या गावाएवढी झाली.

केडगावात 1905 मध्ये झालेल्या धार्मिक जागृतीबद्दल जगभर पुष्कळ लिहिले गेले आहे. मला स्वतःला त्यापेक्षा तिथल्या विहिरी जास्त बोलक्या वाटतात. पाण्यासाठी प्रार्थना होत असे आणि कुदळही चालत असे. तेलाचा घाणा, हातमाग, दुभती जनावरे, शेती, अंध स्त्रियांसाठी ब्रेल, मुलींनी चालवलेला छापखाना, हे सारे तिथे होते. उद्याचे धान्य कोठून येईल हे माहीत नसतानाही आज कोणी काय शिकायचे आणि कोणी काय पेरायचे हे ठरलेले असे. याला खाटल्यावरची भक्ती कोण म्हणेल? हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले. साधी बाई वाचू शकेल असे ते असावे, हा त्यामागचा हेतू. 1921 मध्ये त्यांची एकुलती मुलगी मनोरमा वारली, 1922 च्या एप्रिलमध्ये त्या स्वतः गेल्या. भाषांतर मात्र पुरे झाले होते.

1888 च्या अखेरीस अमेरिकेहून परतताना रमाबाई जपानमार्गे आल्या होत्या. तेव्हाचे कावासाकी म्हणजे तोकाइदो रस्त्यावरचे मुक्कामाचे गाव; कारखाने पुढच्या शतकात आले. पोलाद आणि सिमेंटच्या या कारखान्यांमागोमाग कोरियन मजूर आले, काही पोटासाठी, काही युद्धकाळात सक्तीने आणलेले. समुद्राकडच्या भागात, साकुरामोतो आणि आसपास, त्यांची वस्ती झाली. युद्धानंतर 1952 मध्ये त्यांचे जपानी नागरिकत्व गेले. इथेच जन्मलेली मुलेही कायद्याने परदेशी ठरली.

या वस्तीतल्या कोरियन चर्चमध्ये 1959 साली ली इन-हा हे पाळक म्हणून आले. रविवारची उपासना झाली की आठवडाभर प्रार्थनागृह रिकामे, आणि बाहेर गल्लीत आईबाप कामावर गेलेली मुले. 1969 मध्ये चर्चने त्याच प्रार्थनागृहात पाळणाघर सुरू केले. ते फक्त कोरियन मुलांसाठी नव्हते. जपानी मुलेही येत. मात्र एक नियम असा की प्रत्येक मुलाला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारायची.

आपल्यापैकी ज्यांची मुले इथल्या शाळेत जातात त्यांना या नियमाचे वजन लगेच कळेल. काताकाना लिपीत 'ल' आणि 'र' एक होतात, 'व'चा बहुधा 'ब' होतो, जोडाक्षर लांबत जाते. मग शिक्षकांना सोपे जावे म्हणून आपणच नाव आखूड करून देतो. आपल्या बाबतीत ही निदान सोयीची बाब आहे. कोरियन कुटुंबांच्या बाबतीत जपानी नाव ही ढाल होती. ते टाकले तर घर भाड्याने मिळणे आणि नोकरी लागणे अवघड. पालक घाबरले तर त्यात नवल नाही. तरीही चर्चने हा आग्रह धरला तो देवाने माणसाला जसे घडवले तसेच त्याला हाक मारली पाहिजे या श्रद्धेतून. मला वाटते, इमारत बांधण्यापेक्षा हे धाडस मोठे होते.

ढाल टाकण्याची किंमत काय, हे पुढच्याच वर्षी दिसले. पाक जोंग-सोक या तरुणाने 1970 मध्ये जपानी नावाने हिताची कंपनीत अर्ज केला, निवड झाली, आणि तो कोरियन आहे हे कळताच ती रद्द झाली. त्याने योकोहामाच्या न्यायालयात दावा लावला. ली इन-हा त्याच्या पाठीराख्यांत पुढे होते. जून 1974 मध्ये पाक जिंकला. पाळणाघरातून 1973 मध्ये सेइक्यूशा ही समाजकल्याण संस्था निघाली. पालकांनी आणि चर्चच्या लोकांनी मग महापालिकेचा दरवाजा ठोठावला. परदेशी रहिवाशांना बालभत्ता आणि महापालिकेची घरे मिळू लागली ती त्यानंतर.

ली इन-हा यांच्या लेखनात एक कल्पना पुन्हा पुन्हा येते : देवाचे लोक हे मुळात उपरे लोक. बायबलमध्ये अब्राहाम परक्या देशात तंबू ठोकून राहतो आणि इस्राएल लोकांना बजावले जाते की तुम्हीही मिसर देशात परके होता, म्हणून परक्याला छळू नका. भरवसा कोणावर ठेवायचा, हा प्रश्न उपऱ्या माणसाला रोजच पडतो. त्याच्या पाठीशी ना गाव, ना गोतावळा. ली यांनी त्यातून निष्कर्ष काढला तो असा की स्वतःसाठी कोपरा राखून बसायचे नाही, शेजाऱ्यांसकट राहायचे.

हे बोलायला सोपे आहे. 1980 च्या दशकात सर्वांसाठी एक केंद्र उभारायचे ठरले तेव्हा साकुरामोतोतल्या काही जपानी रहिवाशांनी कडाडून विरोध केला. वाटाघाटी लांबल्या. अखेर 1988 च्या जूनमध्ये 'फुरेआइकान' उघडले. महापालिकेचे केंद्र, पण कारभार सेइक्यूशाकडे. तिथल्या साक्षरता वर्गात लहानपणी शाळा न पाहिलेल्या कोरियन आज्या जपानी अक्षरे गिरवू लागल्या. काहींचे वय सत्तरीपुढचे! पुढे दक्षिण अमेरिकेहून आणि फिलिपिन्सहून आलेल्या कुटुंबांनाही हेच दार सापडले.

2015 च्या नोव्हेंबरात आणि पुन्हा 2016 च्या जानेवारीत द्वेषाच्या घोषणा देत मोर्चे या वस्तीच्या दिशेने निघाले, तेव्हा रस्त्यात उभे राहून त्यांना अडवणाऱ्यांत कोरियनांबरोबर जपानी शेजारीही होते. ली इन-हा तोवर हयात नव्हते; 2008 मध्ये ते वारले. जून 2016 मध्ये न्यायालयाने सेइक्यूशाच्या पाचशे मीटर परिसरात अशा मोर्चाला बंदी केली. डिसेंबर 2019 मध्ये कावासाकी महापालिकेने द्वेषमूलक भाषणाविरुद्ध दंडाची तरतूद असलेला नियम केला. वारंवार उल्लंघन केल्यास पाच लाख येनपर्यंत दंड होऊ शकतो. असे पाऊल उचलणारे हे जपानमधले पहिले शहर.

आणखी एक गोष्ट थेट आपल्या उपयोगाची. 1996 मध्ये कावासाकीने परदेशी रहिवाशांची प्रतिनिधी सभा स्थापन केली. तिचे पहिले अध्यक्ष ली इन-हा होते. 26 पर्यंत सभासद, दोन वर्षांची मुदत, आणि निवड अर्ज मागवून होते. सभेच्या शिफारशींची महापौरांना दखल घ्यावी लागते. भाड्याचे घर, शाळा, दवाखान्यातील भाषा, असे विषय तिथे येतात. या सभेसाठी कोरियन किंवा ख्रिस्ती असण्याची अट नाही.