सुकाणूच्या भागांची ‘मजबुती’: एक शब्द, चार कसोट्या

सोलापुरात १८८२ साली जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. पुढे १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर, मोटारींची केवळ जुळणी न करता त्यांचे भागही देशातच घडवावेत, असे धोरण सरकारने स्वीकारले. भाग येथे घडवायचा म्हणजे त्याची परीक्षाही येथेच व्हावयास हवी. ही परीक्षा नेमकी कशाची? ‘मजबुतीची’, हे उत्तर अपुरे होय; कारण या एका शब्दाच्या पोटात निदान चार गुण दडलेले आहेत. त्यांची गल्लत सुकाणूच्या भागांत विशेष घातक ठरते. एंजिन बंद पडले तर गाडी थांबते; सुकाणूची भुजा तुटली तर धावती गाडी चालकाच्या ताब्यात राहत नाही.

ही भुजा एका टोकाशी पक्की असते आणि दुसऱ्या टोकाशी बल घेते. त्यामुळे वाकविणारा परिणाम तिच्या मुळाशी सर्वाधिक होतो. तेथे तीक्ष्ण कोपरा राहिल्यास भेगेला तेथूनच वाट मिळते. म्हणून त्यास गोलाई देतात.

आता कसोट्या पाहू. पहिली ओढीची: पोलादाची कांडी तुटेपर्यंत ताणून तिचे बळ मोजतात. दुसरी काठिण्याची: ब्रिनेल यांच्या १९०० च्या पद्धतीत कठीण गोळी पृष्ठावर दाबून उमटलेल्या खळग्याचा व्यास मोजतात. तिसरी चिवटपणाची: शार्पी यांनी १९०१ मध्ये मांडलेल्या पद्धतीत खाच पाडलेला नमुना लंबकाच्या आघाताने तोडतात, लंबक पलीकडे जितका कमी चढेल, तितकी अधिक ऊर्जा नमुन्याने शोषलेली असते. चौथी शिणवट्याची: एका झटक्यात न तुटणारे पोलाद त्याहून कमी, परंतु पुनःपुन्हा उलटसुलट येणाऱ्या भाराने तुटते, हे व्होलर यांनी एकोणिसाव्या शतकात रेल्वेच्या आसांवर प्रयोग करून दाखविले. खडबडीत रस्त्यावर सुकाणूच्या भुजेस असाच भार सोसावा लागतो.

हे गुण नेहमी एकत्र वाढत नाहीत. पोलादाला कडक पाणी दिले की काठिण्य वाढते, परंतु चिवटपणा घटून ते ठिसूळ होऊ शकते. १९०८ च्या फोर्ड ‘मॉडेल टी’ गाडीत व्हॅनेडियमयुक्त पोलाद वापरले गेले, ते बळ व चिवटपणा यांचा मेळ साधण्यासाठीच.

येथे एक मूलभूत अडचण उद्भवते. ओढ, आघात व शिणवटा यांच्या कसोट्यांत नमुना नष्ट होतो. गाडीत बसविलेला भाग मात्र तुटलेला नसतो. म्हणून त्याच पोलादाच्या, त्याच रीतीने पाणी दिलेल्या नमुन्यावरून अनुमान करावे लागते. भट्टीतील कामात एकसारखेपणा नसेल, तर हे अनुमानच डळमळते.

कठीण, चिवट, ठिसूळ, शिणणे हे शब्द मराठीत रुळलेले आहेत. तांत्रिक लेखनात या सर्वांऐवजी ‘मजबूत’ हा एकच शब्द योजला, तर कोणती कसोटी घ्यावयाची हेच वाचकाला कळणार नाही. परिभाषेतील काटेकोरपणा हा केवळ भाषेचा अलंकार नव्हे; येथे तो सुरक्षिततेचाच एक भाग होय.