शरदऋतु आणि बालकांचे हस्तोद्योग

आश्विनांत पाऊस ओसरला, कीं अंगण हेंच तीन-चार वर्षांच्या मुलांचें भांडार होतें. पिंपळाचें पान कांहीं आठवडे पाण्यांत कुजवून मऊ कुंचल्यानें हळूच घासलें, कीं गर निघून शिरांची जाळी उरते. हें काम वडील माणसांचें. वाळलेल्या जाळीवर रंग देणें मुलांचें. इतका धीर नसेल, तर ताज्या पानाच्या मागील बाजूस, जेथें शिरा उठून दिसतात, ओला गेरू लावून कागदावर ठसा घ्यावा. तो वांकडा उमटला तरी आईनें सुधारूं नये. दिवाळीच्या किल्ल्यावर हळीव पेरले, तर थोड्याच दिवसांत हिरवळ येते. पाणी शिंपडण्यास मुलें कंटाळत नाहींत. बुरुजास शोभेसाठीं सोनाराची गुंज मात्र लावूं नये. ती चावली गेल्यास आंतील विष प्राणघातक ठरतें. त्याऐवजीं मातीचेच मोठे गोळे वळून गेरूनें रंगवावे.