मुरुडचा किनारा धनेगावला

हिवाळ्यात पक्षी बघायला मुरुडला या, असं मुंबईच्या मित्राला सांगितलं की त्याच्या डोळ्यांपुढे जंजिरा आणि नारळाची झाडं उभी राहतात. आमचं मुरुड लातूर तालुक्यातलं. समुद्र इथून साडेतीनशे किलोमीटर लांब. पाणपक्ष्यांना मात्र समुद्राशी देणंघेणं नसतं. त्यांना लागतो उथळ काठ. तो आम्हाला मोटारसायकलवर तासाभराच्या आत गाठता येतो, मांजरा धरणाच्या फुगवट्यावर.

बीड जिल्ह्यात केज तालुक्यातल्या धनेगावला हे धरण आहे, साठा सुमारे 224 दशलक्ष घनमीटर. लातूरकर त्याला ओळखतो ते नळाच्या पाण्यावरून. 2016 साली ते आटलं आणि 12 एप्रिलला मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे लातूरला आली. त्यामुळे धरण काठोकाठ भरलं की आम्हाला बरं वाटतं आणि पक्षीही भरपूर असणार असं आपण गृहीत धरतो. इथेच चूक होते. पाणी बाभळींच्या बुंध्यांपर्यंत चढलेलं असलं की चिखल दिसतच नाही. मग बारक्या पायांच्या पक्ष्यांनी उभं कुठं राहायचं?

सगळी गोम आवर्तनात आहे. रब्बीसाठी कालव्याला पाणी सुटलं की धरणाची पातळी उतरते. सपाट काठावर पाणी वीतभर उतरलं तरी पन्नास-शंभर पावलं जमीन उघडी पडते. ही ताजी, ओली जमीन किडे, गोगलगायी आणि पाणवनस्पतींच्या बियांनी भरलेली असते. वाळत आली की शेतकरी तिथं गाळपेर करतात. त्याच्या आधीचे काही दिवस ती पक्ष्यांची. पाणी उतरत राहतं आणि ताट रोज थोडं पुढं सरकतं.

म्हणून काठावर पोचल्यावर आधी पक्षी शोधू नका, पाण्याची खोली वाचा. ओल्या गाळावर टिलवे आणि तुतवार पळत असतात. त्यांच्या चोचीच्या टोकाला स्पर्श चांगला कळतो, किडा दिसायची गरज नसते. घोटाभर पाण्यात शेकाट्या, गुलाबी काडीसारखे पाय आणि काळा-पांढरा अंगरखा. त्याच्या पुढे चमच्या आणि चित्रबलाक. चमच्या मान डावी-उजवीकडे हलवत पाणी चाळतो. चित्रबलाक अर्धवट उघडी चोच पाण्यात धरून पायानं गाळ ढवळतो आणि मासोळी चोचीला लागली की मिटतो.

त्याहून खोल पाण्यात बदकं. ही दोन जातीची माणसं समजा. चक्रांग, तलवार बदक, थापट्या ही शेपूट वर करून नुसतं डोकं बुडवणारी. उडायचं झालं तर जागेवरून सरळ वर उठतात. मोठी लालसरी आणि, बदक नसला तरी, वारकरी ही पुरती बुडी मारणारी. लालसरीचे पाय शरीराच्या मागच्या बाजूला असतात, पोहायला उत्तम, चालायला बेंगरूळ. वारकरी उठताना पाण्यावर थपथप धावत जातो. काळ्या अंगावर कपाळाला पांढरा टिळा. हे नाव इकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

थापट्याकडे जरा वेळ द्या. त्याची चोच पुढे खुरप्यासारखी पसरट असते आणि कडेला बारीक फणीचे दाते असतात. दहा-पंधरा जण एकमेकांच्या मागे गोल फिरतात, पहिल्यानं ढवळलेलं पाणी दुसरा गाळून घेतो. मळणीच्या खळ्यावर बैल फिरायचे, अगदी तसंच. मी एकदा हे बघत अर्धा तास बसलो आणि सोबतच्यांनी तेवढ्यात भाकरी आणि शेंगाची चटणी संपवली.

नशीब असेल तर पट्टकादंब दिसतात, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हंस. लडाख, तिबेट, मंगोलियात पिलं वाढवून हिमालय ओलांडून येतात. ओलांडताना ते सात हजार मीटरच्या वर गेल्याची नोंद आहे. आमच्याकडे येऊन चरतात काय, तर हरभरा आणि गवत.

दुर्बीण आठ-बेचाळीसची पुरे: आठपट मोठं दिसतं, पुढचं भिंग 42 मिलिमीटरचं, म्हणजे पहाटेच्या अपुऱ्या उजेडातही चित्र उजळ. दहापटीची घेतली तर थंडीनं कापणारा हातही दहापट दिसतो. सकाळी पाण्याच्या पूर्वेला बसा, सूर्य पाठीशी राहतो. भडक कपडे नकोत, घोंगडी चालेल. चालत जवळ जायचा मोह टाळा. मी एकदा टाळला नाही. वरून वाळलेला दिसणारा गाळ गुडघ्यापर्यंत निघाला, एक चप्पल अजून तिथंच आहे आणि पक्षी केव्हाच उडून गेले होते.

मोजणी आणेवारीसारखी करायची. आधी दहा पक्षी खरेखुरे मोजा, ते थव्यात किती जागा घेतात ते डोळ्यात ठेवा आणि तेवढ्या मापानं डावीकडून उजवीकडे सरका. दोघांनी वेगवेगळं मोजा आणि आकडे नंतरच एकमेकांना सांगा, नाहीतर मोठ्या आवाजाचा माणूस जिंकतो. दर जानेवारीला आशियाई पाणपक्षी गणना होते, 1987 पासून. तिच्यात गावच्या तळ्याचा आकडाही चालतो. नावांसाठी मारुती चितमपल्लींचा पक्षीकोश जवळ ठेवा. त्यांचा जन्मदिवस 5 नोव्हेंबर, सलीम अलींचा 12. राज्याचा पक्षी सप्ताह याच दोन तारखांमधला. पण आमच्याकडे तेव्हा धरण बहुधा तुडुंब असतं, त्यामुळे सप्ताहात भाषणं ऐकावीत आणि पक्षी जानेवारीत बघावेत.

परतताना ज्वारीच्या रानात भोरड्यांचा थवा वळताना दिसेल. शेतकरी गोफण घेऊन उभा असेल. त्याला हा थवा सुंदर आहे असं सांगायला जाऊ नका, हुरडा मिळायचा राहून जाईल. गाळपेरीतून वाट काढतानाही आधी विचारा.

रविवार ठरवण्याआधी धरणाकाठच्या एखाद्या शेतकऱ्याला फोन करून एवढंच विचारा: कालव्याला पाणी कधी सुटलं? आठ-दहा दिवस झाले असतील तर निघा, आणि चप्पल घालून येऊ नका.