वाघनखं, कट्यारी आणि पोलादाची साक्ष

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली वाघनखं जुलै २०२४ मध्ये तीन वर्षांच्या बोलीवर साताऱ्यात आली आणि त्यांच्याबरोबर वादही आला. १६५९ मध्ये अफजलखानाच्या वधात वापरली गेली ती हीच, असं ठामपणे म्हणायला पुरावा नाही, असा आक्षेप कोल्हापूरचे इतिहास अभ्यासक इंद्रजित सावंत यांनी घेतला. ही नखं शिवाजी महाराजांनी वापरलेलीच आहेत याची खात्री करता आलेली नाही, असं म्युझियमही सांगतं. त्यावर साधा माणूस विचारतो, की एवढं विज्ञान पुढे गेलंय तर प्रयोगशाळेत तपासून एकदाचा निकाल का लावत नाहीत? हाच प्रश्न लहान प्रमाणात संग्राहकालाही पडतो. घरात बसून मोबाइलवर ‘अस्सल दमास्कस’ सुरी किंवा ‘दोनशे वर्षांपूर्वीची’ कट्यार मागवता येते, आणि ती हातात आली की खरी-खोटी कोण सांगणार, ही पंचाईत उरते. दोन्ही ठिकाणी अपेक्षा एकच आहे, की यंत्राने शिक्का मारून द्यावा. पण पोलादाची साक्ष एका बाजूनेच खणखणीत असते. ते खोटं बोलणाऱ्याला उघडं पाडतं. खरं बोलणाऱ्याला प्रमाणपत्र मात्र देत नाही.

सगळ्यात मोठी फसवणूक पात्यावरच्या नागमोडी रेघांची. आज ‘दमास्कस’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बहुतेक सुऱ्या दोन जातींच्या पोलादाचे थर एकावर एक ठेवून, तापवून, ठोकून आणि दुमडून केलेल्या असतात. मग पातं फेरिक क्लोराइडमध्ये बुडवतात. सर्किट बोर्ड कोरायला वापरतात तेच हे. एक थर काळवंडतो, निकेल असलेला दुसरा चकाकत राहतो. हा झाला चिरोटा, कुठेही मोडला तरी पापुद्रे दिसणारच. नकली माल म्हणजे चिरोट्याचं चित्र छापलेलं बिस्कीट. साध्या पोलादावर आम्लाने किंवा लेझरने वरवर रेघा काढलेल्या असतात. तेव्हा पात्याची पाठ बघावी. थरांची नक्षी एका अंगावरून पाठीवर आणि पाठीवरून दुसऱ्या अंगावर वळत गेलेली दिसते. छापील नक्षी कडेलाच थांबते. छोटा भाग घासून पुन्हा आम्ल लावलं, तर खरी नक्षी परत उमटते आणि खोटी कायमची जाते. एवढं कळायला प्रयोगशाळाही लागत नाही. पण यातून सिद्ध होतं ते इतकंच, की थर खरे आहेत. पातं जुनं आहे हे नव्हे.

जुनं भारतीय पोलाद तर थरांचं नव्हतंच. दख्खनेत आणि दक्षिणेत लोखंड बंद मुशीत कार्बनयुक्त पदार्थांबरोबर वितळवत. त्यातून सुमारे दीड टक्का कार्बन असलेली जी ढेप निघे तिला युरोपात ‘वूट्झ’ म्हणत. तिची नक्षी दुमडून आणलेली नसे, ती पोलादाच्या आतच घडत असे. ही ढेप विज्ञानाच्या दरबारात पोहोचली ती मुंबईहून. इथला डॉक्टर हेलेनस स्कॉट याने अठराव्या शतकाच्या अखेरीस नमुने रॉयल सोसायटीच्या जोसेफ बँक्सना पाठवले आणि जॉर्ज पिअर्सनने १७९५ मध्ये त्यांवर निबंध वाचला. (हा स्कॉट भलता चौकस, इकडे कापलेलं नाक पुन्हा बसवतात हेही त्याने बँक्सना कळवलं होतं.) लंडनचा सुऱ्या-वस्तरे करणारा जेम्स स्टोडार्ट या पोलादाच्या प्रेमातच पडला. त्याने हाताशी धरला तो लोहाराचा मुलगा, मायकेल फॅरेडे. विजेकडे वळण्याआधीचा हा फॅरेडे वूट्झमध्ये काय आहे ते शोधत होता. त्याला त्यात अॅल्युमिनियमचा अंश सापडला. मग दोघांनी पोलादात तोच मिसळून नकली वूट्झ केलं, आम्ल लावलं आणि नक्षी उमटली! मुंबईच्या उत्तम वूट्झशी ते जुळतं, अशी त्यांची खात्री झाली.

ती खात्री चुकीची होती, आणि ही चूक मला फॅरेडेच्या अनेक बरोबर निष्कर्षांइतकीच मोलाची वाटते. रेघा सारख्या दिसल्या म्हणून कारणही सारखंच असणार, असं त्याने धरलं. आज दुकानात सुरी उलटसुलट करून बघणारं गिऱ्हाईक नेमकं हेच करतं. पॅरिसच्या टांकसाळीतला ब्रेआँ १८२० च्या दशकात योग्य जागी पोहोचला. भरपूर कार्बन आणि सावकाश थंड होणं, यांत नक्षीचं मूळ आहे हे त्याने दाखवलं. फॅरेडेचं नाव शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे, ब्रेआँचं नाव धातुशास्त्राच्या पुस्तकात तळटीपेपुरतं. पुढे १९९० च्या दशकात अमेरिकेतले धातुशास्त्रज्ञ जॉन व्हरहोवेन आणि लोहार अल्फ्रेड पेंड्रे यांनी कोडं आणखी उलगडलं. खनिजातून येणारा व्हॅनेडियमसारख्या धातूचा अगदी किंचित अंश कार्बाइडच्या कणांना ओळीत बसवतो, असं त्यांनी दाखवलं, आणि तशी पातीही घडवली. या यशाचा संग्राहकाला बसणारा फटका क्वचितच कुणी सांगतं. अस्सल वूट्झ आज नव्याने करता येतं, म्हणजे वूट्झची नक्षीही आता वयाचा पुरावा राहिली नाही. २००६ मध्ये जर्मन संशोधकांना सतराव्या शतकातल्या अशाच एका पात्याच्या तुकड्यात कार्बनच्या नॅनोनलिका दिसल्या. लगेच ‘प्राचीन भारतात नॅनोतंत्रज्ञान’ असे मथळे झळकले. तुकडा आम्लात विरघळवून उरलेल्या गाळात काही सूक्ष्म नळ्या दिसणं आणि त्या लोहाराला माहीत असणं यांत बरंच अंतर आहे. शिवाय कट्यारीचा तुकडा विरघळवून ती खरी ठरवण्यात शहाणपण नाही.

मग यंत्रं कामाची कुठे? खोटं पकडण्यात. क्ष-किरणांनी पात्याचे घटक न कापता कळतात. दहा टक्क्यांहून जास्त क्रोमियम निघालं तर ते स्टेनलेस पोलाद, आणि ते शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्लीने १९१३ मध्ये आणलं. मॅंगनीज मुद्दाम घातल्याइतकं भरलं तर भट्टी १८५६ नंतरची, बेसेमर आणि मशेट यांच्या नव्या पोलाद-पद्धतींच्या युगातली, असा दाट संशय घ्यावा. कोळशाची परीक्षा तर गमतीदार आहे. लाकडी कोळशावर केलेल्या पोलादातल्या कार्बनचं वय कार्बन-१४ ने काढता येतं. दगडी कोळशातलं कार्बन-१४ मात्र कधीच संपलेलं असतं. त्यामुळे परवा कारखान्यात झालेली सुरी या चाचणीत हजारो वर्षांपूर्वीची निघते आणि त्यातच पकडली जाते. न्यूट्रॉनचा झोत पात्यातून आरपार पाठवून आतली रचनाही वाचता येते. लंडनच्या वॉलेस कलेक्शनमधल्या भारतीय तलवारी अशा अभ्यासल्या गेल्या आहेत, आणि न्यूट्रॉनची सोय आपल्या तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही आहे.

यावर कुणी म्हणेल, एवढ्या चाचण्यांतून जे पातं पार पडलं ते खरंच मानायला काय हरकत आहे? हरकत अशी, की पार पडणं म्हणजे खोटेपणाचा पुरावा न सापडणं. जुन्या मोडीचं लोखंड वापरून काल घडवलेली कट्यारही घटकांच्या परीक्षेत उत्तीर्ण होईल. शिवाय साधारण १६५० नंतरच्या काळासाठी कार्बन-१४ चा आलेख इतका वेडावाकडा आहे, की १६५९ चं पातं आणि १८२० चं पातं वेगळं सांगणं जवळपास अशक्य. दुसरा आक्षेप असा, की निर्मात्याचा शिक्का आणि कोरलेलं नाव आहे ना! पण सगळ्यात आधी नक्कल होते ती शिक्क्याचीच. पासाऊच्या कारागिरांचा धावता लांडगा झोलिंगनच्या लोहारांनी उचलला, आणि युरोपी पात्यांवरच्या खुणा भारतातही हुबेहूब उठवल्या गेल्या. राज्य सरकारने २०२५ मध्ये लंडनच्या लिलावातून रघुजी भोसल्यांची तलवार घेतली. तिचं पातं युरोपी घडणीचं आणि नाव देवनागरीत सोन्याने लिहिलेलं आहे. तिथे धातू पात्याचं घराणं सांगतो, मालक मात्र लेख सांगतो. त्या लेखाचा खरेपणा अक्षराचं वळण, बिरुदं आणि हस्तांतराची कागदपत्रं यांवरून ठरवावा लागतो.

हाच निकष वाघनखांना लावून बघा. त्यांच्या पेटीवरच्या इंग्रजी मजकुराचा आशय असा: याच नखांनी शिवाजीने मोगल सरदाराला मारलं, आणि ती ईडनच्या जेम्स ग्रँट डफला तो साताऱ्याचा रेसिडेंट असताना पेशव्याच्या मुख्य प्रधानाने दिली. अफजलखान मोगलांचा नव्हे, आदिलशहाचा सरदार होता. ग्रँट डफला हे पक्कं ठाऊक होतं, कारण १८२६ मध्ये छापलेला मराठ्यांचा इतिहास त्याचाच. शिवाय ईडनची जहागीर आणि ‘डफ’ हे आडनाव त्याला स्कॉटलंडला परतल्यावर मिळालं. साताऱ्यात तो नुसता ग्रँट होता. म्हणजे हा मजकूर हस्तांतराच्या जागी लिहिलेला नाही. तो नंतरचा आहे, आणि बहुधा दुसऱ्या कुणाचा. यामुळे नखं खोटी ठरत नाहीत. पण १६५९ ते ग्रँटच्या साताऱ्यातल्या दिवसांपर्यंत ती कुणाकडे होती, हा दीडशे वर्षांहून मोठा खंड उघडाच राहतो, आणि तो कुठलंही यंत्र भरून काढू शकत नाही. ती भर पडली तर एखाद्या दप्तरातल्या मोडी कागदाने पडेल.

तेव्हा विज्ञान इथे दुबळं आहे असा अर्थ काढू नये. बराचसा नकली माल एका दुपारीत बाद करणारं साधन दुबळं कसं? फक्त त्याला प्रश्न नीट विचारायला हवा. ‘हे खरं आहे का?’ याऐवजी ‘हे कशाने खोटं ठरेल, आणि तशी परीक्षा घेतली का?’ असं विचारलं तर पोलाद चोख उत्तर देतं. कट्यार विकणाऱ्यालाही तोच प्रश्न विचारावा. जोडीला कागदही मागावेत, कारण शंभर वर्षांवरच्या वस्तूचा व्यापार करायला १९७२ च्या पुरावशेष कायद्याने परवाना लागतो. कागद नसतील तर माल एक तर नकली आहे किंवा व्यवहार बेकायदा, आणि दोन्ही बाबतीत पैसे खिशातच ठेवणं शहाणपणाचं. वाघनखांच्या पाटीवर ‘परंपरेनुसार’ हा शब्द लिहिल्याने कुणाचा मान कमी होत नाही. अफजलखानाच्या भेटीचा इतिहास कागदपत्रांच्या बळावर उभा आहे. या चार नखांवर त्याचा भार टाकण्याची गरजच नाही.